आणि आजही

वाक्य माझंच होतं, पण अक्षर दुसऱ्याचं होतं. 'पाणी ज्याच्या हातात तोच राजा. आणि आजही.' समासात वेळ घातलेली, ११.१७. मी शिकवता शिकवता बाकांच्या मधून मागं गेले होते, कारण मागची मुलं मोबाइल बघतात आणि मी जवळ आले की पुस्तक बघायचं सोंग करतात, आणि ते सोंग बघायला मला आवडतं. शेवटच्या बाकावर मेजर एकटे बसलेले. समोर दोनशे पानी वही उघडी. वर ११.०४, त्याखाली ११.०९, मग ११.१७, आणि प्रत्येक आकड्यापुढं मी बोललेलं, जसंच्या तसं, मधल्या माझ्या 'बरं का'सकट.  तास सुमेरचा होता. बी. ए. दुसरं वर्ष, इतिहास. आधी प्राचीन संस्कृती, मग ग्रीक तत्त्वज्ञान, असा पेपर आहे, आणि गेली नऊ वर्षं विश्रामबागेतल्या या कॉलेजात तो मीच शिकवते. सुमेरच्या लोकांनी रानाला कालव्याचं पाणी इतकं पाजलं की जमिनीवर मीठ फुटलं, गहू गेला, जव तेवढा राहिला. हे सांगलीतल्या मुलांना फार समजावून द्यावं लागत नाही, वाळवा-मिरजेकडच्या पोरांच्या घरी एखादा तुकडा क्षारपड असतोच. मग देवळांच्या ताब्यातले कालवे, पाण्याच्या पाळ्या, कुणाला आधी आणि कुणाला उरलं तर. मी तिथंच थांबायला हवं होतं. पण बोलण्याच्या भरात मी शेपूट जोडलं, 'आणि आजही', आणि दोघंतिघं हसले, आणि मला बरं वाटलं. आमच्या संस्थेचे अध्यक्ष साखर कारखान्याचेही अध्यक्ष आहेत. ते दोन शब्द कागदावर वाचेपर्यंत मला याची आठवणसुद्धा झाली नव्हती.

मेजरांचं नाव बिराप्पा. जत तालुक्यातले, घरी पूर्वी मेंढरं, आता थोडी डाळिंबं. खरं तर हवालदार म्हणून निवृत्त झालेले, पण आमच्याकडं फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. वय त्रेचाळीस, म्हणजे माझ्याहून सात वर्षांनी मोठे. पहिल्या दिवशी हजेरीला उभे राहून 'जय हिंद मॅडम' म्हणाले तेव्हा वर्ग फिस्सकन हसला होता आणि मीही ओठ दाबले होते. पण जूनपासून त्यांनी एक तास चुकवला नाही. मी फळ्याकडून वळले की शेवटच्या बाकावरचे ते दोन डोळे माझ्याकडंच असायचे, आणि मला त्याचं कौतुक होतं, अगदी खरं सांगायचं तर मी त्या डोळ्यांसाठीच चांगलं शिकवत होते. आता त्याच डोळ्यांची मला भीती वाटू लागली. हा माणूस इथं कशासाठी येतो? माझे वडील सुभेदार होते, त्यामुळं मला माहीत आहे की पंधरा वर्षं नोकरी झालेल्या जवानाला निवृत्त होताना पदवीच्या बरोबरीचं सर्टिफिकेट मिळतं. मेजरांची सतरा झाली होती. मग ज्याच्या हातात ग्रॅज्युएशनचा कागद आहे तो जतहून निघून, इथं खोली घेऊन, वीस वर्षांच्या पोरांत बसून बी. ए. कशाला करेल? मनात पाल चुकचुकली ती चुकचुकतच राहिली. गेल्या वर्षी राज्यशास्त्राच्या विश्वजितच्या तासाची दोन मिनिटांची क्लिप कुणीतरी संस्थेच्या ऑफिसात पोचवली होती. पुढच्या सत्राला त्याला बोलावलंच नाही. आम्ही दोघंही तासिका तत्त्वावरचे, आम्हाला काढावं लागत नाही, नुसतं बोलवायचं नाही. क्लिप कुणी केली ते आजवर कळलेलं नाही. तो आता इस्लामपुरात स्पर्धा परीक्षांच्या क्लासवर शिकवतो, आणि फोनवर बोलता बोलता मध्येच थांबून विचारतो, 'तू एकटीच आहेस ना?' आधी मी त्याला हसायचे. यंदा इतिहासाची कायम जागा निघाली होती, मुलाखत सप्टेंबरच्या सोळा तारखेला होती, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा ती जागा माझी होईल असं सगळे म्हणत होते. हे सगळे म्हणजे कोण, याचाही मी आता हिशोब करू लागले.

संशय कसा घ्यायचा हे मला कुणी शिकवावं लागलं नाही, ते घरातूनच आलं. आमचं गाव कराडजवळ. वडील वर्षातून दोन महिने सुट्टीवर यायचे. ट्रंक उघडायच्या आधी, चहा प्यायच्याही आधी, ते आम्हा तिघा भावंडांना एकेकाला वेगळं माडीवर बोलवायचे आणि तोच प्रश्न तिघांना विचारायचे. मी नव्हतो तेव्हा घरी कोण कोण येत होतं? मग तिघांची उत्तरं ताडून बघायचे. भावांना काही आठवायचं नाही, आणि न आठवणाऱ्याकडं वडील निराशेनं बघायचे. मी सात वर्षांची होते. मला ती निराशा नको होती, मला त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवायला हवा होता. म्हणून मी म्हणाले, ज्योतिबामामा येतात. ज्योतिबामामा शेजारच्या आळीतले, रेडिओ दुरुस्त करायचे, आणि वर्षातून एकदा आमचाही रेडिओ नेऊन परत आणून द्यायचे, येताना पेरू आणायचे. 'रोज?' वडिलांनी विचारलं. मी मान हलवली. वडिलांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो हात जड आणि गरम होता, त्याला ब्रासो पॉलिशचा वास येत होता, आणि मला इतका आनंद झाला की मी आणखी एकदा मान हलवली. त्यानंतर ज्योतिबामामा आमच्या गल्लीनंसुद्धा गेले नाहीत. आई मला कधी काही बोलली नाही. माझं लग्न ठरेपर्यंत, ते मोडेपर्यंत, आणि त्यानंतर मी सांगलीला खोली करून राहायला लागले तेव्हाही नाही. ती फक्त माझी वेणी घालताना पूर्वीपेक्षा जरा घट्ट ओढायची, किंवा मला तसं वाटायचं. मला पुष्कळ गोष्टी तशा वाटतात.

तर मी मेजरांना गाठलं. तास संपल्यावर जिन्याच्या तोंडाशी, सहज विचारल्यासारखं करून. 'मेजर, तुम्ही सगळंच लिहून घेता वाटतं?'

ते एकदम ताठ उभे राहिले. 'व्हय मॅडम. सिग्नलमधी हुतो. कानावर पडलं की लिवायचं, टायम घालून. सतरा वर्सं त्येच केलं. आता हात थांबतच न्हाई.'

'पण वेळ कशाला? परीक्षेत वेळ विचारत नाहीत.'

'टायम न्हाई घातला तर मेसेज खोटा धरत्यात, मॅडम.'

त्यांनी हे इतक्या सरळ सांगितलं की माझा संशय दुप्पट झाला. इतकं तयार उत्तर कुणाकडं असतं? ज्याला माहीत असतं की कधीतरी विचारणार, त्याच्याकडं. मी हसून म्हणाले, छान सवय आहे. आणि स्टाफरूममध्ये येऊन पाणी प्यायले. पदवी असताना बी. ए. का, हेही मला विचारायचं होतं, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर आणखी एक सरळ उत्तर मिळालं असतं आणि त्याचं मी काय केलं असतं?

सुमेर संपला, इजिप्त झाला, आणि ऑगस्टात आम्ही ग्रीसमध्ये शिरलो. थेलिस म्हणायचा की सगळ्या जगाचं मूळ पाणी आहे, असं मी सांगितलं तेव्हा पुढच्या बाकावरचा ऋषिराज म्हणाला, 'मॅडम, त्यो आयर्विन पुलावर हुबा ऱ्हायला असंल, महापुरात,' आणि वर्ग खदखदून हसला. एरवी मी तिथून उडी घेतली असती. पूर बघणाऱ्या माणसाला पाण्याची भीती वाटते, तो पाण्याला देव मानतो, पण पूर बघून जो विचारतो की हे आहे तरी काय, तो थेलिस. असं काहीतरी मला सुचलंही होतं. पण देव हा शब्द ओठांवर आला आणि मागून पेन कागदावर घासल्याचा आवाज आला. साठ मुलांच्या वर्गात एका पेनचा आवाज ऐकू येत नाही, हे मला कळतं. मला तो आला. मी गाइड उघडलं आणि वाचून दाखवायला लागले. माझ्या स्वतःच्या आवाजाची मला शिसारी आली, पण मी पान संपेपर्यंत वाचलं. पुढचे तीन आठवडे मी वाचतच होते. जन्म, काळ, ग्रंथ, महत्त्व. मुलं खाली मान घालून रील बघत होती, आणि मला ते बरं वाटत होतं, कारण रील बघणारा ऐकत नाही. फक्त शेवटचा बाक लिहीत होता. गाइडमधलं वाक्यसुद्धा तो माणूस वेळ घालून लिहीत होता, आणि मला वाटायचं, हा आता माझा आळस नोंदवतोय.

सॉक्रेटिस मी एका तासात उरकला. बाजारात उभा राहून लोकांना प्रश्न विचारायचा, एवढं सांगितलं. त्याच्यावर खटला का झाला, नगराचे देव मानत नाही आणि पोरांना बिघडवतो असा आरोप कुणी केला, त्याला विष का प्यावं लागलं, हे सगळं मी गाळलं. नऊ वर्षं हा तास माझा सगळ्यात आवडता तास होता. जुनी मुलं रस्त्यात भेटली की त्याच तासाची आठवण काढतात. मी फळा पुसला आणि वळले, तर मेजर उभे.

'मॅडम, इचारू का?'

'विचारा.'

'त्येचा खटला ऱ्हायला. पुस्तकात हाय, तुमी घेतला न्हाई.'

वर्गानं माना वर केल्या. मी म्हणाले, 'यंदा परीक्षेला नाही.'

'परीक्षेचं न्हाई वो. मी त्येच्यासाठीच तर...' ते थांबले. वीस वर्षांची पोरं आपल्याकडं बघतायत हे त्यांच्या लक्षात आलं असावं. 'बरं,' म्हणाले आणि खाली बसले. त्येच्यासाठीच तर काय? त्या अर्ध्या वाक्यानं माझी दोन दिवस झोप उडवली. त्यासाठीच तर पाठवलंय? खटला शिकवताना मी काय बोलते तेच तर हवंय? पुन्हा पुन्हा मी ते वाक्य पुरं करत राहिले, आणि दर वेळी ते माझ्याविरुद्धच पुरं होत होतं.

प्राचार्यांच्या केबिनमध्ये मी वेळापत्रकाच्या कामाला गेले होते. मनात काही ठरवलेलं नव्हतं. हे मी कुणालाही शपथेवर सांगेन, आणि कुणी विश्वास ठेवू नये. सर म्हणाले, 'काय मॅडम, वर्ग काय म्हणतो?' आणि माझ्या तोंडून निघालं, 'बाकी ठीक आहे सर. ते मोठे गृहस्थ बसतात ना मागं, फौजी. मुलींना जरा अवघडल्यासारखं होतं.' एकाही मुलीनं मला असं काही सांगितलं नव्हतं. सरांनी चष्मा काढला. 'कोण मुलगी?' 'नाव नको सर. सगळ्यांनाच जरा.' त्यांनी मान हलवली. पुढच्या महिन्यात नॅकची समिती येणार होती. 'बरं झालं वेळेवर सांगितलंत,' ते म्हणाले, 'लेखी वगैरे नको, मी बघतो.' मी बाहेर आले तेव्हा मला हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाचीच लाज वाटली. एका बाईनं एका पुरुषाबद्दल हे वाक्य बोललं की पुढं कुणी काही तपासत नाही, हे मला ठाऊक होतं. खऱ्या बोलणाऱ्या किती मुलींना हे वाक्य नीट बोलताही येत नाही, तेही ठाऊक होतं. म्हणूनच मी ते वापरलं.

दोन दिवसांनी मेजर स्टाफरूमच्या दारात आले. आत आले नाहीत. 'मॅडम, येतो मी. सर म्हनले बहिस्थचा फॉर्म भरा, वर्गात बसायची गरज न्हाई. पोरींची तक्रार हाय म्हनले.' त्यांचा चेहरा धुतल्यासारखा कोरा होता. 'कंच्या पोरीला तरास झाला तेवढं कळलं असतं तर माफी मागितली असती. माजी पोरगी बी त्येवढीच हाय.'

'मला काही माहीत नाही,' मी म्हणाले.

'न्हाई, तुमाला कुठनं असणार.' ते जरा घुटमळले. 'फौजेत मेसेजचा अर्थ इचारता येत न्हाई मॅडम. आला तसा फुडं धाडायचा. एकदा बंकरमधी एका सायबाकडं त्या म्हाताऱ्याची गोष्ट ऐकली हुती, इचारत फिरायचा त्येची. अर्धीच ऐकली, सायबाची बदली झाली. म्हनलं घरी गेलो की पुरी ऐकायची.' मग ते हसले, स्वतःलाच हसल्यासारखे. 'आता वाचीन गाइडात.' आणि गेले. मला वाटलं होतं की रिकामा शेवटचा बाक बघून मी पुन्हा पूर्वीसारखी शिकवीन. दुसऱ्या दिवशी मी गाइड न घेता वर्गात गेले आणि बोलायला तोंड उघडलं, तर माझं लक्ष सारखं बाकांवर फिरत होतं, की आता कोण लिहून घेतंय.

वर्गही बदलला होता. मुलं कुजबुजत होती, मी आले की गप्प होत होती. मेजरांच्या वहीचे झेरॉक्स वर्गातल्या निम्म्या पोरांकडं होते, हे मला तेव्हाच कळलं. सगळ्यांना त्यांचा लळा होता. आता प्रत्येक मुलगा मुलींकडं बघत होता आणि प्रत्येक मुलगी दुसरीकडं. त्यांना एक गुन्हेगार हवी होती, आणि त्यांनी साक्षी नावाच्या मुलीला धरलं, एवढ्याचसाठी की ती मेजरांच्या पुढच्या बाकावर बसायची आणि तिच्या चुलत्याची प्राचार्यांशी ओळख होती. साक्षी इस्लामपूरची, हॉस्टेलवर राहणारी, बारीक आवाजाची मुलगी. आठवडाभर तिच्या शेजारची जागा रिकामी होती. मला ते दिसत होतं. मी तिकडं कानाडोळा केला, कारण सोळा तारीख तीन दिवसांवर आली होती.

तेरा तारखेला, अकराच्या तासाआधी, ती स्टाफरूममध्ये आली. मी एकटीच होते. तिचे डोळे सुजलेले होते. 'मॅडम, मी काय बोलले नव्हते,' ती म्हणाली. 'मेजरकाका माझ्याशी कधी वाकडं वागले नाहीत. त्यांच्या पोरीचं नाव राणी हाय, तिच्यासारखी दिसतेस म्हणायचे, एवढंच. आता हॉस्टेलवर कोण बोलत नाही माझ्याशी. राणीनं फोन केला होता मला, रडत होती, बाबा डाळिंबाच्या शेडमधनं बाहेरच येत नाहीत म्हणाली. गावात पण कळलंय, पोरींची भानगड म्हणून. मॅडम, तुम्ही माझ्याबरोबर सरांकडं येता का? तुम्ही सांगितलं तर ते ऐकतील.'

मी तिच्याकडं बघत होते आणि मला तिची कीव येत होती, हे खरं आहे. पण त्याच क्षणी डोक्यात दुसरंच चाललं होतं. आजच का? मुलाखतीच्या तीनच दिवस आधी? चुलत्याची ओळख आहे हिच्या. मी दारात कुणी उभं आहे का बघितलं, आणि विचारलं, 'तुला कुणी पाठवलं?'

तिला प्रश्न कळला नाही. 'कुणी नाही. मीच आले.' मग ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली आणि ते सुजलेले डोळे हळूहळू मोठे झाले. 'तुम्ही केली होती तक्रार,' ती म्हणाली.

मी नाही म्हणाले नाही. तिनं आरडाओरडा करायला हवा होता, मला ते सोपं गेलं असतं. ती फक्त ओढणी सारखी करून बाहेर पडली आणि जिना उतरून प्राचार्यांच्या केबिनकडं चालायला लागली, एकटी. मी तिच्या मागं गेले. तिला अडवायला की तिच्याबरोबर जायला, हे मला जिना संपेपर्यंत माहीत नव्हतं. केबिनच्या दाराशी ती थबकली. दार ढकलायचा धीर तिला होईना. तिच्या पाठीचा कणा मला कुडत्यातून दिसत होता, लहान मुलीसारखा. मी तिच्या बाजूनं पुढं गेले आणि दार ढकललं.

'सर,' मी म्हणाले, 'मेजरांबद्दल मी तुम्हाला खोटं सांगितलं. एकाही मुलीची तक्रार नव्हती. मला त्यांची भीती वाटत होती, त्यांची वही संस्थेकडं जाईल म्हणून, म्हणून मी बोलले. त्यांना परत बोलवा, आणि गावाला कळेल असं लिहून द्या.' हे बोलताना माझा आवाज वर्गातल्यासारखा स्वच्छ आला, कितीतरी आठवड्यांनी.

सर माझ्याकडं बघत राहिले. मग माझ्या खांद्यावरून मागं, दारात उभ्या असलेल्या साक्षीकडं. मग खिडकीकडं, जिथून अंगणातले दोघंतिघं प्राध्यापक दिसत होते. ते मनातल्या मनात जुळवाजुळव करतायत हे मला स्पष्ट दिसत होतं. 'सोळा तारखेला मुलाखत आहे तुमची,' ते सावकाश म्हणाले, 'आणि तुम्ही आज येऊन हे बोलता. मॅडम, तुम्हाला कुणी पाठवलं?'

'कुणी नाही.'

'असं कसं होईल? हे आपण होऊन कोण बोलतं?' त्यांनी कोरा कागद पुढं ओढला, पेनचं टोपण काढलं. 'घाबरू नका. नाव सांगा.'

मी माझं नाव सांगितलं, आडनावासकट. ते लिहीत नव्हते, म्हणून पुन्हा एकदा सांगितलं.